एअरप्लेन मोड

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला अ‍ॅप लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणने गुणायचा, झालं. द्वितीयेला दीड वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला मात्र हा हिशेब सवा अकरावर येतो आणि समुद्र बाराच्या आसपास भरतो. मी बाबांना म्हटलं, पाऊणऐवजी चार पंचमांश घ्या, बरोबर बारा येतात. ते म्हणाले, "आजोबा पाऊणवरच गेले आयुष्यभर. कधी बुडाले नाहीत."

मला हा हिशेब लागतो तो कातळावर जायला. श्रीवर्धनहून शेखाडीकडे जाणारा रस्ता समुद्राला धरून जातो, आणि मधेमधे काळे खडक पाण्यात उतरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. मग एरवी बुडालेली डबकी उघडी पडतात. समुद्रफुलं, दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, नशीब असेल तर नखाएवढी रंगीत समुद्री गोगलगाय. मी मोबाइलवर फोटो काढतो, आय-नॅचरलिस्टवर टाकतो, आणि जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला माणूस मला तिचं नाव सांगतो. कालवं काढायला येणाऱ्या मावश्यांनी एकदा विचारलं, "खायचं नाही, विकायचं नाही, मग वाकून वाकून बघतोस काय?" मला उत्तर देता आलं नाही.

उधाणाची ओहोटी येते सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान. आमचा स्टँडअप साडेनऊला. माझं सगळं स्वातंत्र्य या मधल्या दोन-तीन तासांवर उभं आहे.

२०१९ला इंजिनीअरिंग संपलं, पुण्यात नोकरी लागली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी लॉकडाउनमुळे घरीच होतो. दुपारी काही तासांत वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. पोफळ नव्याने लावली की पीक धरायला पाच-सात वर्षं जातात. बाबा तेव्हा साठीला आले होते. त्यांनी पडलेली झाडं मोजली नाहीत, रोपं किती लागतील ते मोजलं. पैसे मी दिले. आजही मजुरी, पंपाचं बिल माझ्या पगारातून जातं, आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ताही. याबद्दल तक्रार नाही. पण महिन्याच्या एक तारखेला खात्यातून रकमा जाताना बघितल्या की वाटतं, आपण सव्वीसाव्या वर्षीच कुणाचे तरी वडील झालो.

कंपनीने ऑफिसला परत बोलावलं तेव्हा मी मॅनेजरशी बोलून घेतलं: महिन्यातले दोन आठवडे पुण्यात, उधाणाचे दोन आठवडे श्रीवर्धनहून काम. कारण मी 'वडिलांची शेती' असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं. गोगलगायींसाठी कोण सवलत देणार? त्या बदल्यात टीम लीडचं पद दुसऱ्याकडे गेलं. ताम्हिणी घाट महिन्यातून चारदा ओलांडताना मी त्याचा हिशेब करायचो आणि सौदा परवडला असं ठरवायचो.

कातळावर पोचलो की फोन एअरप्लेन मोडवर टाकायचो. फोटो काढताना ऑफिसचा मेसेज वरून खाली घसरत आला की चिडचिड व्हायची. आणि खरं सांगायचं तर ते चिन्ह दाबताना बरं वाटायचं. त्या दीड तासात मी कुणाचाच नव्हतो.

गेल्या एप्रिलमध्ये, द्वितीयेच्या सकाळी, एका डबक्यात छोटा ऑक्टोपस दिसला. पहिल्यांदाच. मी सव्वा तास तिथेच होतो. वर रस्त्यावर येऊन फोन सुरू केला तर बाबांच्या पाच मिस्ड कॉलची सूचना. शिंपणं चालू असताना पाटात पाय घसरून त्यांचा घोटा मोडला होता. आई माणगावला गेली होती. शेजारच्या वाडीतल्या गड्याने पंप नुसताच चालू आहे हे आवाजावरून ओळखलं आणि तो बघायला आला, तोवर पाऊण तास बाबा चिखलात बसून होते.

ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. प्लास्टर घालताना डॉक्टरांना मात्र अभिमानाने सांगत होते, मुलगा समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करतो. अभ्यास! मी दोन महिने कातळाकडे फिरकलो नाही. ऑक्टोपसचे फोटोही कुठे टाकले नाहीत. मग पावसाळा आला, आणि पावसाळ्यात तिथे तसंही कोणी जात नाही.

सप्टेंबरच्या शेवटी बाबाच एका संध्याकाळी पंचांग घेऊन ओटीवर बसले. "परवा सकाळी पाणी चांगलं खाली जाईल. जाऊन ये. पंप मी तू आल्यावर लावीन."

गेलो. फोन चालूच ठेवला. सव्वा तासात ऑफिसचे अकरा मेसेज आले, एक बँकेचा. एका खडकाखाली निळ्या कडेची गोगलगाय होती, अगदी पाण्याच्या रेषेवर. श्वास रोखून फोकस लावला आणि नेमका तेव्हाच फोन थरथरला. फोटो हलला. स्क्रीनवर 'बाबा'. छातीत धस्स झालं.

"काय झालं?"

"काही नाही रे. पाणी वळलं असेल आता. मागे बघ."

मी मागे बघितलं. येताना कोरड्या असलेल्या घळीत पाणी शिरायला लागलं होतं.