रोज ऐंशी पैसे : पेडणे ते डिचोली

‘चाकावरचं घर’ या प्रवासमालेचा चौथा लेखांक

मंगळवार, 29 मार्च 2022. पत्रादेवी

बांद्याच्या पंपावर दादाने गाडी थांबवली नाही. टाकीचा काटा पावाच्या खाली उतरला होता, वहिनी दोनदा म्हणाल्या, तरी तो सरळ पुढे निघाला. “हद्द ओलांडली की भरू. इथं कशाला जास्तीचे मोजायचे?” एसटीत बत्तीस वर्षं चालक म्हणून काढलेल्या माणसाशी डिझेलवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

महाराष्ट्र-गोवा हद्दीवरच्या दरांतल्या या फरकाला कारण आहे. गेल्या नोव्हेंबरात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपयांनी उतरवलं, तेव्हा गोव्याने स्वतःच्या करातून दोन्हींवर आणखी सात-सात रुपये सोडले. महाराष्ट्राने तेव्हा आपला कर कमी केला नाही. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पहिल्याच पंपावर एमएच-07च्या गाड्यांची रांग दिसते. बांदा, सावंतवाडीकडची मंडळी दुचाकी घेऊन खास तेवढ्यासाठी येतात. ही सवय जुनी आहे. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, 0.1 टक्क्यावर आणला. लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास फरक पडला. रांगेतले एक गृहस्थ सांगत होते, त्या वेळी सावंतवाडीहून यायचा खर्च धरूनही परवडायचं.

गाडी भरली आणि हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 रोजी इथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडले. पंजाबातून पेडण्यापर्यंत, दुसऱ्या कुणाच्या तरी स्वातंत्र्यासाठी. त्या नावासमोर आम्ही तिघंही बराच वेळ उभे राहिलो.

रात्री वहिनींनी हिशेबाची वही काढली. चार नोव्हेंबरपासून 137 दिवस दर हलला नव्हता. मध्ये गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, युक्रेनवर युद्ध आलं, कच्चं तेल भडकलं. निकाल 10 मार्चला लागले आणि 22 तारखेपासून जवळजवळ रोज सकाळी सहाला नवा दर. बहुतेक दिवशी वाढ ऐंशी पैशांची. आमची गाडी, म्हणजे जुना टेंपो ट्रॅव्हलर ज्यात आम्ही ओटा, पलंग आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, लिटरला दहा किलोमीटर जाते. म्हणजे एका दिवसाची वाढ आम्हाला किलोमीटरला आठ पैसे पडते. वाढ दहा रुपयांवर गेली तर किलोमीटरला एक रुपया. हजार किलोमीटरच्या फेरीला हजार रुपये. हा आकडा कागदावर आला तेव्हा माझ्या मनातली भीती बरीच ओसरली. भीती आकड्याची नव्हतीच, उद्या किती होईल हे ठाऊक नसण्याची होती.

बुधवार, 30 मार्च. केरी

बातमी : मुंबईत डिझेल शंभरी पार, 100 रुपये 10 पैसे.

केरीच्या किनाऱ्यामागे माडांच्या बागेत एका घराच्या अंगणात जागा मिळाली. पाणी, वीज आणि जागेचे मिळून ठरलेले पैसे रोज द्यायचे. घरमालकीणबाईंनी विचारलं, कुठे कुठे जाणार? दादाने हरमल, मोरजी, पेडणे, तेरेखोल अशी यादी वाचली. त्या म्हणाल्या, “गाडी हांगाच दवरात आनी चलत वचात.” दादा क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, “बाई बरोबर बोलतात.” या भागातला आमचा सगळा बेत त्या एका वाक्यावर उभा राहिला. घर इथे राहील, माणसं फिरतील.

चाकावरच्या घराची मोठी ओढ ही असते की रोज नवं गाव गाठावं. पण या घराचं वजन रोज ओढावं लागतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात भांडी, गाद्या, सिलिंडर. एसटीत चालकाचं काम दहा लिटरमागच्या किलोमीटरवर मोजतात, केपीटीएल म्हणतात त्याला, आणि दादाच्या अंगात ते अजून आहे. टाकी पूर्ण भरून चालायचं नाही, मुक्कामी पोचूनच पाणी घ्यायचं. टायरमधली हवा सकाळी थंड असताना तपासायची. पन्नासच्या पुढे काटा न्यायचा नाही. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालवायचं नाही. टपावर सौर पाट्या आहेत, त्यांच्यावर दोन पंखे आणि दिवे निघतात. बाकी माडाची सावली.

वहिनींचा ओटा गाडीतच राहणार. 2019 पासून गोव्यात पर्यटकांनी उघड्यावर स्वयंपाक मांडला तर दंड आहे, आणि तो असायलाच हवा. किनाऱ्यांवर लोकांनी चुली पेटवून जी राख, बाटल्या, पत्रावळी टाकल्या त्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

गुरुवार, 31 मार्च. केरी

पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला. गरम उंडे घेतले. लाकडाच्या भट्टीत भाजलेला पाव, सायकलवरून दारात. वहिनींनी आजच्या न्याहारीचा गॅस वाचला असं वहीत लिहिलं.

किनाऱ्यावर एक मच्छीमार होडीचं इंजिन धूत होता. चाळिशीतला माणूस. मासळी मिळो न मिळो, इंजिनात पेट्रोल आधी ओतावं लागतं, म्हणाला. हल्ली तो लांब जात नाही, रोज जवळच्याच पाण्यात जाळं टाकतो. जवळ मासळी कमी. आम्ही फिरणं कमी केलं तर एखादा किनारा बघायचा राहतो. त्याने कमी केलं तर घरातलं कमी होतं. हे दोन हिशेब एका वहीत मांडता येणार नाहीत, आणि महागाईबद्दल लिहिताना मला ते विसरायचं नाही.

शुक्रवार, 1 एप्रिल. म्हापसा

आज पेट्रोल-डिझेल वाढलं नाही. पण व्यापारी गॅसचा 19 किलोचा सिलिंडर एका दमात 250 रुपयांनी वाढला.

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. केरीहून खाजगी बसने निघालो, हरमल, मांद्रे, चोपडेचा पूल, शिवोली. कंडक्टर सारखा “फुडें वच, फुडें!” करत होता. दादा चालकाच्या मागच्या बाकावर बसला आणि त्याचे गिअर ऐकत राहिला. आमच्याकडे एसटीचा संप नोव्हेंबरपासून चालू होता. आगारात उभ्या असलेल्या लाल गाड्यांचा विषय निघाला की दादा गप्प व्हायचा. आज इतक्या दिवसांनी तो भरलेल्या बसमध्ये बसला होता. उतरताना म्हणाला, “पन्नास माणसं एका इंजिनात. यापेक्षा स्वस्त काय असतं सांग की.” मला वाटतं, इंधनाच्या साऱ्या चर्चेत सर्वांत कमी बोललं जातं ते याच गोष्टीबद्दल. खेड्यातली बस चालू राहिली तर निम्म्या घरांना दुचाकी काढावी लागणार नाही.

बाजारात सुकी मासळी, मोयऱ्याच्या केळ्यांचे घड, चोरीस, मातीची भांडी, आणि या दिवसांतली काजूची बोंडं. हरमलच्या मिरचीला गेल्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. वहिनींनी पावशेर घेतली. चहाच्या हॉटेलात मालकाने भाजी-पावाचा दर अजून बदलला नव्हता, पण गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवत होता की सोमवारपासून बघावं लागेल. ऐंशी पैशांची वाढ आम्हाला मोजता येते. ही अशी, भाजीच्या वाटीतून येणारी, ती वहीत कुठल्या रकान्यात लिहायची असं वहिनी विचारत होत्या. शेवटी त्यांनी नवा रकाना आखला : ‘डिझेलमुळे, पण डिझेल नव्हे’.

परतीला थांब्यापासून घरापर्यंत पायलट केला. गोव्यातली ही मोटारसायकल टॅक्सी, पिवळा मडगार्ड. तिघांना तीन गाड्या, म्हणून वहिनी आणि मी चालत आलो, दादा पिशव्या घेऊन पुढे.

शनिवार, 2 एप्रिल. पाडवा

पुन्हा ऐंशी पैसे, सणाच्या दिवशी.

गाडीच्या शिडीला गुढी बांधली. घरमालकीणबाईंच्या अंगणातही गुढी होती. त्यांच्याकडे याला संवसार पाडवो म्हणतात. त्यांनी आग्रह करून जेवायला बसवलं. बोलताना गॅसचा विषय निघाला. घरगुती सिलिंडर 22 तारखेला पन्नास रुपयांनी चढला होता, आणि सोमवारी शपथ घेतलेल्या नव्या मंत्रिमंडळाने पहिल्याच बैठकीत वर्षाला तीन सिलिंडर फुकट द्यायचं ठरवलं होतं. बाई म्हणाल्या, मिळतील तेव्हा मिळतील, परसातली चूल मी मोडलेली नाही.

रविवार, 3 एप्रिल. तेरेखोल

आणखी ऐंशी.

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट. पायी जाणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. नदीपलीकडचा तेरेखोलचा किल्ला गोव्याचा, पण जमिनीने जोडलेला महाराष्ट्राला. गाडीने जायचं तर किरणपाणीला मागे फिरून आरोंद्याचा पूल, मग शिरोडा, रेडी असा मोठा वळसा पडतो. बोटीने काही मिनिटं. किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला, 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. आत सेंट अँथनीचं चर्च. तटावरून नदीचं तोंड, केरीची वाळू आणि माडांच्या मध्ये आमच्या गाडीचं पांढरं टप दिसत होतं. गाडी सोबत आणली असती तर बोटीवर ती नीट बसते का, उतरताना मागचा भाग घासतो का, याकडेच माझं लक्ष राहिलं असतं. आज मी बोटीवरच्या माणसांकडे बघितलं. रेडीला माहेरी निघालेली एक बाई लहान मुलाला नदीचं नाव शिकवत होती.

सोमवार, 4 एप्रिल. पेडणे ते मये

वाढ चाळीस पैसे.

घर हलवलं. पहाटे निघालो, म्हणजे धारगळच्या महामार्गाच्या कामात आणि म्हापशाच्या गर्दीत अडकून डिझेल जळणार नाही. डोंगरावर मोपाच्या विमानतळाचं काम चालू होतं, तिकडे जाणारे डंपर धूळ उडवत होते. कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा, डिचोली आणि मये. तळ्याजवळ मुक्काम. दादाने सगळा रस्ता चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये सांभाळला, लिटरला साडेदहा निघाले. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

मंगळवार, 5 एप्रिल. डिचोली

ऐंशी पैसे.

डिचोलीला चालत आणि बसने गेलो. गावाबाहेर एका मोकळ्या जागेत टिपर उभे होते, खनिज वाहून नेणारे. रबर सुकून भेगाळलेले टायर, चाकांमध्ये वाढलेलं गवत. जवळच्या गॅरेजपाशी त्यांतल्या दोन ट्रकांचे मालक भेटले. साठीचे, स्वच्छ मराठी बोलणारे. दादाने सवयीने डिझेलच्या दराचा विषय काढला. ते म्हणाले, “दर वाढला म्हणता, तो तुम्हाला भरावा तरी लागतो. माझ्या ट्रकांनी डिझेल बघून चार वर्षं झाली.”

सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातल्या खाणी पहिल्यांदा थांबल्या. मग मधली काही वर्षं थोड्या चालल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणकाम बंद पडलं. त्या आधी या रस्त्यांवर ट्रकांची न तुटणारी रांग असायची, पावसात चिखल, उन्हात लाल धूळ. शेतांत माती उतरली, विहिरी आटल्या, शाळकरी मुलांना रस्ता ओलांडता यायचा नाही. हे त्या गृहस्थांनीच सांगितलं, काही न लपवता. त्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. भाडं टनामागे किलोमीटरवर ठरायचं, आणि भरलेला ट्रक लिटरला तीन-चार किलोमीटरच जातो. म्हणजे डिझेल दहा रुपयांनी चढलं तर आमचा खर्च किलोमीटरला एक रुपया वाढतो, त्यांचा तीन. खाणी उद्या सुरू झाल्या तरी आधी भाड्याचा दर नव्याने ठरल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही, असं ते म्हणाले.

दादा त्यांच्या ट्रकाभोवती फिरला. बॉनेट उघडून दोघांनी इंजिन बघितलं. त्यांनी महिन्यातून एकदा ते चालू करायची सवय ठेवली आहे, जाम होऊ नये म्हणून. तेवढंच डिझेल. मला तिथून निघवेना. या तालुक्याने धूळ खाल्ली ती इतरांच्या पोलादासाठी, आणि आता कर्जाचे हप्ते भरतो आहे तोच. खाणी जशा होत्या तशा पुन्हा नकोत, हे माझं मत पक्कं आहे. पण या ट्रकमालकांचं पुढे काय, याचं उत्तर न देता ते मत मांडणं मला जड जातं.

बुधवार, 6 एप्रिल. नार्वे, डिचोली

पुन्हा ऐंशी. 22 तारखेपासून ही चौदावी वाढ, एकूण दहा रुपये पुरे झाले. मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैसे, डिझेल 104 रुपये 77 पैसे.

सकाळी बसने नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये पुन्हा उभारलं. दरवाज्यावरचा शिलालेख दादाने अक्षर अक्षर लावून वाचला. पुढे धक्क्यावरून दिवाडीची बोट मिळते, पण ऊन चढलं होतं आणि आम्हाला निघायची तयारी करायची होती.

दुपारी डिचोलीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. एरवी दादा इतकं वजन घेत नाही, पण पुढे महाराष्ट्राचा दर आहे. मग रस्त्याचा प्रश्न आला. दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढला तर चंदगडमार्गे घर जवळ पडतं. पण चढ असा उभा आहे की ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहील, आणि वाचलेल्या किलोमीटरचं डिझेल घाटात जाईल. आंबोली लांबची, तरी वळणं सावकाश चढतात. दादाने त्या घाटात उभी हयात काढली आहे. वहिनींनी दोन्ही रस्त्यांचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडले, फरक शंभर रुपयांच्या आतला निघाला. आंबोलीच ठरली. पाण्याची टाकी निम्मी रिकामी केली आहे, हवा उद्या पहाटे तपासायची, आणि उन्हं वर यायच्या आत सावंतवाडी मागे टाकायची आहे.