मातीची थकबाकी

परप्रांतात नोकरी करणाऱ्या चार मराठी माणसांची बैठक जमली आणि गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला नाही, असे आम्ही तरी कधी पाहिलेले नाही. सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले, चुलत्यांनी बांध किती कोरला, रस्तारुंदीत किती गुंठे गेले, एकराचा भाव कोठवर पोहोचला, या गोष्टींवर मंडळी रात्र रात्र बोलू शकतात. जमिनीच्या मालकीविषयी इतक्या तपशिलाने बोलणारी ही माणसे तिच्या प्रकृतीविषयी मात्र सहसा विचारीत नाहीत. माती कशी आहे, तिच्यात काय उरले आहे, तिच्या पोटात अलीकडे काही पडते की नाही, हा प्रश्न जणू आपल्या अधिकारकक्षेतला नव्हेच!

आमच्या वाट्याला सातारा जिल्ह्यात ज्वारीचे थोडेसे रान आले आहे. वडील होते तोवर गोठ्यात एक बैलजोडी, दोन गाई आणि एक म्हैस असे. उन्हाळा सरता सरता उकिरडा उपसला जाई आणि बैलगाडीने खत रानात पडे. वडिलांच्या पश्चात गुरे सांभाळणारे घरात कोणी राहिले नाही. जमीन खंडाने दिली गेली. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. गावात सर्वांचेच असे झाले असल्याने त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. पुढे केंद्र सरकारने २०१५ मध्ये जमीन आरोग्य पत्रिकांची योजना सुरू केली आणि यथावकाश आमच्या रानाचीही पत्रिका निघाली. तीत 'सेंद्रिय कर्ब' या रकान्यापुढे एकच शब्द होता : 'कमी'. नोकरीच्या काळात आम्ही असंख्य शेरे वाचले आणि लिहिले. पण इतका थोडक्यात आणि इतका वर्मावर बसणारा शेरा दुसरा आठवत नाही.

या शेऱ्याचा अर्थ आम्हांस लगेच उमगला, याचे कारण आमची इंदूरची नेमणूक. तेथील कृषी महाविद्यालयाच्या जागेचा इतिहास आम्ही तेव्हा कुतूहलाने वाचून काढला होता. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आला. तेथे त्याने व त्याची पत्नी गॅब्रिएल हिने गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या. गहू सुधारला, परंतु ज्या मातीत तो पेरावयाचा ती भुकेली असेल तर सुधारलेले बी तरी काय करणार, हा विचार हॉवर्डला स्वस्थ बसू देईना. १९२४ मध्ये इंदूरला नवी संशोधनसंस्था निघाली. दरबारने ३०० एकर जमीन दिली आणि तेथे गोठा व शेत यांचा एकत्र अभ्यास सुरू झाला.

इंदूर पद्धतीचे खत म्हणून पुढे जगभर गाजलेली कृती मुळात साधी आहे. शेतातला पालापाचोळा, काड्या, तण हे सारे गुरांच्या पायांखाली अंथरावयाचे. शेणाबरोबर गोमूत्रही वाया जाऊ द्यावयाचे नाही. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवावयाची आणि मुत्राने भिजलेली ती माती खणून खतात मिसळावयाची. वर थोडी राख. हे सर्व उथळ खड्ड्यांत थराथराने भरून, पाणी शिंपडून, हवा खेळावी म्हणून तीनदा खालीवर करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते. गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यातील नत्राचा बराच मोठा भाग शेणामुतावाटे बाहेर पडतो, आणि त्यातही मुत्राचा वाटा मोठा असतो. आपला पारंपरिक उकिरडा शेण राखी आणि मूत्र गमावी. म्हणजे निम्मा खजिना गटारात जाई.

१९३१ मध्ये या प्रयोगांवरील पुस्तक निघाले, त्यावर दोन नावे आहेत. पहिले हॉवर्डचे आणि दुसरे यशवंत वाड यांचे. हॉवर्डचे नाव पुढे सेंद्रिय शेतीचा आद्य आचार्य म्हणून देशोदेशी पोहोचले. वाडांचे नाव किती जणांस ठाऊक आहे? मुखपृष्ठावर दुसऱ्या क्रमांकाने असणे आणि लोकांच्या आठवणीत मुळीच नसणे, ही अवस्था सरकारी नोकरीतील पुष्कळांना परिचित आहे. ते नाव वाचताना आम्हांस उगीचच घरचे कोणी भेटल्यासारखे झाले, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

तथापि हॉवर्डचे सर्वच म्हणणे शिरोधार्य मानता येत नाही. आपले बैल सुपीक जमिनीवरचा चारा खाऊन इतके निकोप झाले होते, की लाळ-खुरकुताने आजारी असलेल्या गुरांशी नाकाला नाक लागूनही त्यांना रोग झाला नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. थोड्याशा बैलांवरून काढलेला हा निष्कर्ष शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. लाळ-खुरकूत विषाणूचा रोग आहे. त्यावर लसच लागते, आणि २०१९ पासून देशभर तिची सरकारी मोहीम चालू आहे. चांगल्या मातीचे गुण गाताना तिला देवी करून शेंदूर फासण्याचे कारण नाही.

शेण जाळण्याच्या प्रश्नाचेही तसेच आहे. शेतकऱ्याने खताचा धूर करू नये, असा उपदेश कचेरीत बसून करणे फार सोपे असते. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात याचे मर्म नेमके सांगितले होते : शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, जळणाला लाकूड नाही म्हणून. त्याला आधी सरपण द्या, गावोगाव झाडे वाढवा, म्हणजे शेण आपोआप शेतात जाईल. आम्ही रांचीला असताना एका खेड्यात भिंतीवर गोवऱ्या थापणाऱ्या म्हातारीला आमच्या सहकाऱ्याने खताचे महत्त्व समजावून दिले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळची चूल साहेब पेटवून देणार काय, एवढेच विचारले. व्होल्करसाहेबाचा सारा अहवाल त्या एका प्रश्नात होता. गोबरगॅसचे महत्त्व येथे आहे. त्यात जळणारा वायू चुलीला मिळतो आणि नत्र उरलेल्या काल्यात राहून शेताकडे परत जाते. चूल आणि शेत या दोघींचीही समजूत पटते. पण त्यालाही दाराशी जनावर हवे, पाणी हवे आणि राबणारे हात हवेत.

मग मातीला शेणखताची गरज आहे तरी किती? या प्रश्नाचे उत्तर वर्षा-दोन वर्षांत मिळत नाही, आणि येथेच शेतीसंशोधनाचा धीर दिसतो. इंग्लंडात रॉदॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हाच्या एका शेताचे पट्टे पाडले. काहींना दरवर्षी शेणखत, काहींना केवळ खनिज खते, एकाला काहीच नाही. हा प्रयोग अजून चालू आहे. त्यात शंभराहून अधिक वर्षे खनिज खतांवरचा गहू शेणखतावरच्या गव्हाच्या तोडीस तोड उतरत राहिला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक वाढला आणि मातीचा पोतच पालटला.

आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये असे दीर्घकालीन प्रयोग अनेक ठिकाणी सुरू केले. पुढे त्यांत अकोला आणि परभणीही आली. त्यांचा निष्कर्ष आपल्या उन्हाला आणि आपल्या मातीला धरून आहे. नुसते नत्र देत राहिले तर उत्पन्न ढासळते. रांचीच्या तांबड्या आम्ल मातीत ते फार घसरले, आणि हिमाचलातील पालमपूरला तर अशा पट्ट्यात पीक येईनासेच झाले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला शेणखत पडले तेथे उत्पन्न सर्वांत चांगले आणि वर्षानुवर्षे टिकून राहिलेले दिसते. खताच्या गोणीने या देशाला जेवू घातले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु गोणी पिकाचा आहार आहे; मातीतल्या असंख्य जिवांचा आहार सेंद्रिय कर्ब आहे, आणि आपल्या कडक उन्हात तो झपाट्याने झिजतो. म्हणून तो एकदा देऊन भागत नाही; जमाखर्चाच्या वहीप्रमाणे त्याची नोंद दरसाल व्हावी लागते.

रॉदॅमस्टेडच्याच दुसऱ्या एका शेतातील पट्टा आम्हांस विशेष वाटतो. तेथे १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे जवाच्या पिकाला शेणखत दिले गेले आणि मग थांबविले गेले. त्यानंतर त्या पट्ट्यात शेणखताची एक पाटीही पडलेली नाही. तरीसुद्धा शंभराहून अधिक वर्षांनी तेथील मातीत, ज्या पट्ट्याला कधीच काही मिळाले नाही त्याच्यापेक्षा, सेंद्रिय द्रव्य जास्त भरते. खत घालणारे गेले, त्यांचे वारस गेले. मातीने मात्र ती वीस वर्षे अद्याप खात्यावर ठेवली आहेत. आमच्या नोकरीत तीन वर्षांनी बदली होत असे, आणि आम्ही लिहिलेल्या टिपणांची फाइल दहा वर्षांनी नियमानुसार रद्दीत जाई. जेथे राहावयाचे नाही तेथे मनापासून काही करण्यात काय अर्थ, असा प्रश्न आपल्या मंडळींना रात्री-अपरात्री पडतो. त्याला आम्हांस सापडलेले उत्तर कोणत्याही ग्रंथातले नसून या जवाच्या पट्ट्यातले आहे.

सातारच्या रानाचे काय करावयाचे, हे आम्ही आणि जमीन कसणाऱ्या आप्पांनी गेल्या वर्षी बसून ठरविले. गोठा पुन्हा उभा राहणे शक्य नाही. पण दिवाळीनंतर माणदेशाकडचे धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांचे वाडे पडतात. रात्री मेंढरे रानात बसविली की सकाळी लेंड्या आणि मूत यांनी ते रान खतावलेले असते. वाहतूक नाही, साठवण नाही. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो आणि कळप पुढे सरकतो. ज्या रानात आपण एक-दोन रात्रींचे पाहुणे आहोत, ज्याचे पीक आपण पाहणारही नाही, त्याचा कस वाढवून जाणारी ही माणसे पिढ्यान् पिढ्या याच वाटेने चालत आली आहेत.

आप्पांचे म्हणणे, मेंढरांचा खर्च खंडातून वळता करावा. आम्ही ते मान्य केले आहे. ज्वारीची धाटे गुरांना जातील; धसकटे मात्र रानातच कुजू द्यावयाची, पेटवावयाची नाहीत, असेही ठरले आहे. एकाच रानात मेंढरे किती रात्री बसवावी याचा अंदाज धनगरालाच अधिक, तेव्हा तो निर्णय त्याच्यावर सोपविला आहे. या साली पाच रात्री बसली. पुढची पत्रिका निघेल तेव्हा 'कमी' हा शब्द पुसला गेलेला असेल, अशी आमची अपेक्षा नाही; इतकी थकबाकी पाच रात्रींत फिटत नसते. पुढच्या दिवाळीचा निरोप मात्र आप्पांनी आताच धाडून ठेवला आहे.