पळवायची की चालवायची?

वडिलांच्या मागे त्यांची १९७२ सालची बुलेट आमच्या वाट्याला आली. साडेतीनशेचे, नेमके सांगायचे तर ३४६ सीसीचे इंजिन. मूळची ताकद अवघी १८ अश्वशक्ती. संध्याकाळी कोपऱ्यावर तिचा संथ ठोका ऐकू आला की आई चहाचे आधण ठेवीत असे, इतकी त्या ठोक्याची घरात ओळख. आम्ही मात्र वारसा हाती येताच तो सुधारायला निघालो. (दुसऱ्याच्या लेखनावर लाल शाई फिरवण्यात हयात गेलेल्या मास्तराकडून आणखी काय अपेक्षावे?) जास्त दाब देणारा पिस्टन बसवला, हेडमधल्या वाटा कोरून रुंद करून घेतल्या आणि मग कार्बोरेटरचा प्रश्न उभा राहिला.

मूळचा होता अ‍ॅमल मोनोब्लॉक. त्यात पेट्रोलची वाटी आणि मुख्य अंग एकाच ओतकामात असते. अंगही जस्ताच्या मिश्रधातूचे आणि आतली स्लाइडही. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून दोन्ही झिजतात, बोल्ट जास्त आवळले गेले की फ्लँज वाकतो, आणि फटीतून नको ती हवा शिरते. आमचा त्या अवस्थेला पोचला होता. बदलणे भाग होते, यात वाद नाही, वाद मापाचा. आम्ही ३४ मिलिमीटरचा मिकुनी पसंत केला. का? मोठा होता म्हणून. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, गाडी पळवायचीय की चालवायचीय?" २० वर्षे क्रियापदे शिकवूनही आम्हांला यातला भेद कळला नाही.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर येते. सारा खेळ त्या वेगाचा. २८ मिलिमीटरच्या गळ्यापेक्षा ३४ च्या गळ्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट. इंजिनाची मागणी तेवढीच असेल तर हवेचा वेग दोन-तृतीयांशावर येतो. चढ्या फेऱ्यांवर मोठा गळा मोकळा श्वास देतो, हे खरे. पण ९० मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकचे हे इंजिन तिथवर जाते तरी कधी?

उत्तर पसरणीच्या घाटात मिळाले. आईला मागे बसवून पाचगणीला मावशीकडे निघालो होतो. एका वळणावर वेग पार उतरला, म्हणून आम्ही मूठ एकदम पिळली. स्लाइड वर गेली, हवा धावत आली, जड पेट्रोल मागे राहिले. इंजिनाने एक उचकी दिली आणि ते बंद पडले. मागून भरलेला ट्रक येत होता. त्याच्या चालकाचे ब्रेक लागले म्हणून हे लिहीत आहोत. आई उतरली, पदर सावरला आणि एवढेच म्हणाली, "ह्यांनी मला कधी घाटात उतरवलं नव्हतं रे."

परत आल्यावर मिस्त्रींपुढे बसलो. मूठ पिळताच पेट्रोलची पिचकारी मारणारा पंपवाला डेल'ऑर्टो त्यांनी सुचवला, पण आपणच आणलेल्या आजारावर इतके महाग औषध आम्हांला रुचेना. मग मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या आणि महिनाभर पाहिले. मूठ पहिल्या अष्टमांशापर्यंत असते तोवर कारभार पायलट जेटचा. पावापर्यंत स्लाइडच्या तिरक्या कापाचा. पुढे पाऊण भागापर्यंत सुईचा. मेन जेट त्याच्याही नंतर. आमचे बहुतेक फिरणे पहिल्या पावातच संपत होते. ज्या मेन जेटच्या आकड्यावरून टपरीवर तासन्‌तास भांडलो, त्याची पाळी महिन्यातून दोनदा आली!

२८ चा बसवला. साधा गोल स्लाइडचा, रस्त्याकडेला स्क्रूड्रायव्हरने उघडता येणारा. घाटात आता उचकी लागत नाही. थंडीत सकाळी मात्र ठोका अडखळत असे, म्हणून परवा पायलट जेट २० चा काढून २५ चा घातला. ठोका स्थिरावला, थोडा खालीही आणता आला. तरी आम्ही आल्याचे आईला अजून दारावरची घंटा वाजवल्यावरच कळते.