जुळणी

"सगळं एकाच कंपनीचं घ्या, म्हणजे पुढं कटकट नाही," असे पनवेलचा दुकानदार म्हणाला, तेव्हा मला माझ्या लग्नाची आठवण झाली. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले आहेत, असे आमच्या भटजींनीही नेमके ह्याच सुरात सांगितले होते. तो विषय मी पत्नीपुढे काढत नाही. पण तेव्हापासून 'सगळे जुळते आहे' असे कुणी छातीठोकपणे म्हटले की माझे मन उगाचच सावध होते.

प्रसंग अगदी साधा होता. आमच्या दादाच्या जुन्या मारुती व्हॅनमधले गाणे बसले होते. आमचे गाव जोहे. पेण तालुक्यात, हमरापूरच्या शेजारी. ह्या गावात घराघराला लागून कारखाना असतो, पण धुराडे मात्र एकही दिसायचे नाही, कारण कारखाना गणपतीच्या मूर्तींचा. आमच्या व्हॅनने कित्येक वर्षे गणपती वाहिले. खाडीकडची दमट हवा आणि कारखान्यातली पांढरी धूळ ह्यांनी तिच्या दोन्ही दारांतल्या स्पीकरांचे कागदी पडदे खाऊन टाकले होते. धनत्रयोदशीच्या आधी पुतण्याचा मला फोन आला : "काका, तुम्हाला ह्यातलं कळतं. तुम्ही या."

मला ह्यातले कळते, हा आमच्या घरातला फार जुना गैरसमज आहे. कॉलेजात असताना मी घरचा रेडिओ उघडला होता, एवढाच त्याला आधार. तो रेडिओ पुन्हा बंद झाला नाही आणि वाजलाही नाही, हा उत्तरार्ध लोक प्रेमाने विसरले आहेत.

खरे म्हणजे बोलावणे दादाचे यायला हवे होते. पण आई गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या, कारखान्याच्या मधोमध एक भिंत आली, आणि विटांची ती भिंत पुढे बोलण्यातही चढली. आम्ही भांडलो नव्हतो. भांडण निदान मिटवता तरी येते. आम्ही दोन वर्षे फक्त एकमेकांची प्रकृती आणि पावसाचे मान विचारीत होतो.

दुकानदाराचे म्हणणे खोटे होते असे नाही. त्याने काचेवर चार वस्तू मांडल्या : पुढच्या फळीत बसणारी पेटी, सीटखाली जाणारा अँप्लिफायर, दारांतले स्पीकर आणि मागे ठेवायचा खर्जाचा डबा. चौघांवर एकच नाव. जणू चार सख्खे भाऊ फोटोसाठी उभे! सगळ्यांचा विचार एकाच माणसाने केला तर काय साधते ह्याचा मोठा दाखला अमर बोस ह्यांचा आहे. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचा हा मुलगा. १९६४ साली त्याने आपली कंपनी काढली. पुढे जनरल मोटर्सच्या १९८३ सालच्या काही मोटारींसाठी, मोटारीच्या काचा कुठे आहेत, गाद्या कुठे आहेत, ऐकणारा कुठे बसतो हे सारे मोजून, त्या मोटारीपुरतीच ध्वनियोजना त्याच्या कंपनीने बसवून दिली. मोटारीत ऐकणारा कधीच मधोमध बसत नसतो, काच आवाज परत फेकते आणि गादी तो गिळते. तेव्हा अशी घरंदाज जुळणी काही थट्टेचा विषय नव्हे.

पण नाव एक म्हणून घर एक आणि नाव वेगळे म्हणून घर वेगळे, असेही नसते. जेबीएल, इन्फिनिटी आणि हर्मन कार्डन ह्या तीन पाट्या वाचून गिऱ्हाईक तासभर तुलना करीत बसते. तिघींचे माहेर मात्र एकच, हर्मन; आणि २०१७ साली ते माहेरच सॅमसंगने विकत घेतले.

आमची अडचण निराळीच होती. व्हॅनमधला कॅसेटचा जुना डबा काढायला दादा तयार नव्हता. त्यात एकच कॅसेट वाजायची, आणि तिच्यात आईचा आवाज होता.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. कुणाचा तरी छोटा टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणला होता. गणपतीला महिना राहिला होता. रात्री कारखान्यात आई कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारीत ओव्या म्हणत होती. टेपवर त्या पेपरची खरखर आहे, वडिलांचा खोकला आहे, मधेच दादाचे शिंकणे आहे. दादा तेव्हा डोळ्यांची आखणी शिकत होता, आणि हात हलेल म्हणून त्याने ती शिंक फार वेळ दाबून धरली होती. पुतण्याने ही कॅसेट केव्हाच मोबाइलवर उतरवून घेतली आहे. तेव्हाच तो म्हणाला होता, "आता हा डबा कशाला?" दादाने उत्तर दिले, "नक्कल जपून ठेव. पण मूळ आहे तोवर मूळ वाजू दे."

झाले. डबा जुना, म्हणजे अँप्लिफायर दुसऱ्याचा, स्पीकर तिसऱ्याचे. आंतरजातीय म्हणा, आंतरप्रांतीय म्हणा, असा हा संसार मांडायचा ठरला. दुकानदाराने हात झटकले. मी मात्र घरी जाऊन वाचू लागलो, आणि मला एका गोष्टीची मोठी मौज वाटली. हा मिश्र संसार शक्य होतो, कारण एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लोकांनी कधीतरी सांध्याची मापे एक मानली. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि पुढे ती इतरांनाही बनवू दिली. म्हणून कुणाचीही कॅसेट कुणाच्याही यंत्रात सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर ह्याच चालीने चालते. मोटारीच्या फळीतला तो आडवा चौकोन १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हे माप जर्मनांनी ठरवले आणि जगाने उचलले. आणि ती लाल-पांढरी बोंडे! त्यांना सगळे आरसीए म्हणतात. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही ती कंपनी. १९८६ साली ती दुसऱ्याच्या घरात गेली, पण तिच्या नावाचे बोंड आजही तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांच्या पाठीला असते. आमच्या जुन्या डब्यालाही ती दोन बोंडे होती.

आता मापे. मोटारीतले स्पीकर बहुधा ४ ओमचे असतात, घरातले पुष्कळदा ८ ओमचे. ओम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. ४ ओमचे दोन स्पीकर एकाच टोकाला शेजारी-शेजारी जोडले की विरोध २ ओमवर येतो. अँप्लिफायरला ते सोसणार नसेल तर तो तापतो आणि मान टाकतो. दुसरे माप डेसिबलचे. एक स्पीकर ८९ चा आणि दुसरा ९२ चा असेल, तर पहिल्याला दुसऱ्याइतके मोठ्याने बोलायला दुप्पट वीज लागते. म्हणून उजवा आणि डावा हे मात्र एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, एकाच जोडीतले हवेत. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जाड आवाजाचा मोठा आणि त्यांच्यात स्वर वाटून देणारी चकती हेही एका घरचे घ्यावेत. बाकी पेटी कुणाची आणि खर्ज कुणाचा ह्याने फारसे बिघडत नाही. मी जोडी एकाच कंपनीची घेतली, ओम तपासले, आणि मनात म्हटले, भटजींनी इतके कुठे पाहिले होते?

धनत्रयोदशीच्या सकाळी अंगणात व्हॅन उघडली. पुतण्या पुढे डब्यापाशी, दादा मागे सीटखाली अँप्लिफायरपाशी, मी दारापाशी. उजव्या दारातली जुनी वायर शाबूत होती. डावीकडची उंदरांनी खाल्ली होती, तिथे नवी घातली. दोन तास आम्ही घामाघूम झालो. वहिनीने दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा एकच सांगितले, "एकमेकांशी बोलत करा जरा." आम्ही चहा प्यालो.

कॅसेट लावली. आवाज आला, पुष्कळ आला. पण तो पोकळ होता. पितळेच्या हंड्यात तोंड घालून बोलावे तसा. खर्ज कुठेच नव्हता. पुतण्या म्हणाला, "मी सांगितलं होतं, सगळं एका कंपनीचं घ्यायचं." वहिनीलाही ते पटलेले दिसले. मीही आतून खचलो. तीन घरची माणसे आणली की असेच व्हायचे, हे बोलायला मी जवळजवळ तोंड उघडले होते.

दादा काहीच बोलला नाही. तो चालकाच्या जागेवर बसून डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "आवाज तिचाच आहे. पण तिला बसायला जागा नाही. आई आहे कुठं ह्यात?"

गावात लग्नामुंजीला कर्णे लावणारे एक गृहस्थ आहेत. पुतण्याने त्यांना बोलावून आणले. त्यांनी अर्धा मिनिट ऐकले, कोणत्या कंपनीचे काय आहे हे विचारलेसुद्धा नाही. म्हणाले, "एक पेन्सिल सेल द्या." घरात सेल सापडेना. शेवटी कारखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळातला काढला. त्यांनी अँप्लिफायरची टोके सोडवली आणि उजव्या स्पीकरच्या वायरींना सेल लावला. टक्! पडदा बोटभर नव्हे, जेमतेम केसभर बाहेर आला. डावीकडे लावला. टक्! पडदा आत गेला.

"एक जण श्वास सोडतोय, दुसरा घेतोय," ते म्हणाले. "बाई मधे उभी राहणार कशी?"

आईचा आवाज एकाच माइकवर घेतलेला, म्हणून तो दोन्ही बाजूंना अगदी सारखा. सारखे आवाज दोन्हीकडून एकाच वेळी पुढे आले तर ते मधोमध, समोरच्या काचेत उभे राहतात. एक पुढे आणि एक मागे झाला की ते एकमेकांना पुसू लागतात, आणि खर्ज आधी पुसला जातो. ह्यात कंपनीचा संबंध असतोच असे नाही. मात्र खूण ओळखावी लागते. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत लाल टोकाला धन लावले की पडदा आत जात असे, इतरांच्या उलट. सरमिसळ करणाऱ्याने एवढे पाहावे लागते. आमचे मात्र दोन्ही स्पीकर सरळ होते.

"वायर कुणी जोडली?"

नव्या वायरीच्या एका पदरावर काळी रेघ होती. सीटखालच्या टोकाला दादाने ती रेघ धन धरली होती. दाराच्या टोकाला मी ती ऋण धरली होती. मधे अडीच-तीन मीटर वायर आणि दोन वर्षांचा अबोला. 'रेघ कशाला धरली रे?' एवढा एक प्रश्न कुणीही विचारला असता तरी काम भागले असते.

दादा माझ्याकडे बघून हसला. पुष्कळ दिवसांनी. म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं." मी म्हटले, "मीही विचारलं नाही."

वायरीची टोके अदलाबदल व्हायला दोन मिनिटे लागली. तेवढ्यात त्या गृहस्थांनी आमच्या तीन घरच्या संसारावर नजर टाकली आणि दादाला विचारले, "चालेल हे?" दादा म्हणाला, "न चालायला काय झालं? आमचा गणपती तरी कुठं एका हातचा असतो? साचा एकाचा, भरणारा दुसरा, घासणारा तिसरा, रंग मारणारा चौथा. जोह्याची कच्ची मूर्ती पुण्या-मुंबईला जाऊन तिथल्या रंगात बसते. लोक हातच जोडतात. फक्त दोन डोळे एकाच माणसानं, एका बैठकीत आखायचे. एक डोळा माझा आणि दुसरा तुझा, असं केलंस की देव तिरळा होतो."

ओम आणि डेसिबल शोधीत मी जे वाचले होते, ते दादाच्या हाताला केव्हाच ठाऊक होते. जोडी एका हातची असावी, आणि बाकी सगळ्यांनी जिथे भेटायचे तिथे एकमेकांना विचारावे. दादा आणि मी तर एकाच साच्यातले. एकाच कंपनीचे म्हणा ना! आमची जुळणी सांध्यावरच चुकली होती.

संध्याकाळी पणत्या लागल्यावर आम्ही दोघे व्हॅनमध्ये बसलो. तो उजवीकडे, मी डावीकडे. कॅसेट लावली. आधी पॉलिश पेपरची खरखर, मग वडिलांचा खोकला, मग ओवी. आई आमच्या दोघांच्या मधे, काचेच्या जरा अलीकडे, मांडी घालून बसली होती. दादाची शिंक आली तेव्हा आम्ही दोघेही हसलो. बाजू संपत आली, आणि ते शेवटचे वाक्य, जे मी विसरूनच गेलो होतो, ते स्पष्ट ऐकू आले :

"बंद कर रे आता ते. सेल उगाच जातात."

दादा उठला आणि भिंतीवरच्या घड्याळात सेल परत बसवून आला.