मातीचे भाऊबंद

पावसाचं कौतुक पुण्याहून गाड्या घेऊन येणाऱ्यांना. आम्हा मुळशीकरांच्या तो चार महिने अंगावर असतो. ताम्हिणीच्या बाजूला जुलैत समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही, गोधड्यांना कुबट वास लागतो, भिंतींना बुरशी धरते. पण मातीचा म्हणून जो वास कवितांमधून गाजलेला आहे, तो या एवढ्या पावसात कुठेच नसतो. तो येतो मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या दोन-चार सरींना. मग संपलं.

असं का, हे बऱ्याच उशिरा वाचनात आलं. कोरड्या, सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याच्याखाली हवा अडकते. तिचे बुडबुडे थेंबातून वर येऊन फुटतात आणि मातीतला वास घेतलेले बारीक तुषार हवेत उडतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे वेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवलं. हलक्या सरीत हा प्रकार चांगला जमतो, मुसळधार पावसात नाही. आमच्याकडे तर जूनमध्येच जमीन गच्च भरते.

वास मात्र पावसाचा नसतोच. तो बनवून ठेवलेला असतो स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या जिवाणूंनी. दिसायला बुरशीसारखे, धाग्याधाग्यांनी वाढणारे, पण बुरशी नव्हेत. त्यांच्या या वासाच्या द्रव्याला १९६५ मध्ये जिओस्मिन हे नाव मिळालं. बीट चिरताना जो मातकट वास येतो तोही त्याचाच. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट: लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश एवढंसं असलं तरी आपण पाणी तोंडाला लावून म्हणतो, ‘माती लागतेय.’

आमच्या घरात हा वास सगळ्यात आधी आबांना यायचा. आबा म्हणजे वडिलांचे काका. त्यांना ढग गडगडलेले ऐकू येत नसत. ओसरीवर बसल्या बसल्या ते एकदम मान वर करून म्हणायचे, “सरपण आत घ्या गं.” तोवर अंगणात एक थेंब नसायचा. वारा खिंडीकडचा असला की पलीकडच्या वाडीवर पडलेल्या सरीचा वास त्यांना लागायचा. आजी ओरडून “कशावरनं?” विचारायची, आणि ते तिच्या ओठांकडे बघत नुसतं नाकावर बोट ठेवायचे.

त्यांचे कान औषधाने गेले होते. माझ्या जन्माआधी त्यांना क्षय झाला. तेव्हा घरात क्षय म्हणत नसत, ‘छातीचं’ म्हणत. ताट-तांब्या वेगळा, झोपायला गोठ्याशेजारची खोली. रोज एक इंजेक्शन. औषधाच्या रिकाम्या बाटल्या मी पाहिल्यात, आजीने त्या टाकल्या नव्हत्या. अंगठ्याएवढ्या जाड काचेच्या बाटल्या, वर रबरी बूच, बुचाच्या मधोमध सुयांची भोकं. एकीत ती हिंग ठेवायची. आत पूर्वी पांढरी पूड असे, तिच्यात पाणी घालून, हलवून कमरेत टोचत. ती पूड म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन.

आबा वाचले. ऐकू येणं मात्र कमी होत गेलं आणि अंधारात तोल जाऊ लागला. दिवसा ते खाचराच्या बांधावरून नीट चालत. रात्री, पायाखालचं दिसेनासं झालं की, भिंत धरावी लागे. आतल्या कानाला इजा करण्याचा दोष या औषधात मुळातच आहे, जगभरच्या डॉक्टरांना तो ठाऊक आहे. जीव आणि कान यांच्यात निवड करायची वेळ आली तर कुणीही जीवच म्हणेल. आबांनी त्याबद्दल कुरकूर केलेली मला आठवत नाही. उलट, आजीची बडबड ऐकावी लागत नाही म्हणून ते खूश असावेत असा घरातल्यांचा संशय होता.

पुढे मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीला गेले. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने आपल्याकडची माती आणायची होती. मी घरच्या खाचरातली नेली. काही दिवसांनी काचेच्या बशीत खडूच्या भुकटीसारखे पांढरट-राखाडी ठिपके उगवले. इतर जिवाणूंच्या वसाहती तारेच्या कडीला लोण्यासारख्या येतात. या मात्र माध्यमात रुतून बसलेल्या, चामड्यासारख्या चिवट. तारेने खरवडलं की तुकडाच उचलला जाई. झाकण तिरकं केलं आणि प्रयोगशाळेत, भर डिसेंबरात, वळीव आला. सर म्हणाले, “हेच ते. याच्याच जातभाईपासून स्ट्रेप्टोमायसीन काढलं.”

तो जातभाई न्यू जर्सीतला. १९४३ मध्ये रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने तो वेगळा केला. एक वाण सापडला भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीत, दुसरा कोंबडीच्या घशात. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळालं. त्याआधीच शॅट्झ कोर्टाची पायरी चढला होता. श्रेयासाठी गुरुशिष्यही भांडतात, मग बांधासाठी भांडणाऱ्या आमच्या लोकांनाच नावं का ठेवायची?

भांडणावरून आठवलं. क्षयाचा जंतू आणि स्ट्रेप्टोमायसीस हे एकाच मोठ्या कुळातले, ॲक्टिनोबॅक्टेरिया म्हणतात ते. म्हणजे आबांच्या छातीत जे चाललं होतं ती भाऊबंदकीच. शिवाय औषध देणारी शाखा तरी कुठे साधीभोळी आहे? अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडावा आणि त्या जखमेतून याच घराण्यातला एखादा आत शिरून पाय वर्षानुवर्षं सुजवत ठेवावा, असाही रोग आहे. चांगले जंतू आणि वाईट जंतू ही शाळेतली वाटणी मला तेव्हापासून पटेनाशी झाली. वासही आपल्यासाठी नसतो. मातीतले टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे किडे त्या वासाने येतात, स्ट्रेप्टोमायसीस खातात आणि त्याचे बीजाणू अंगाला चिकटवून पुढे नेतात, असं २०२० मध्ये दिसून आलं. आपण मध्येच नाक खुपसतो.

आणि हे सगळं न्यू जर्सीपुरतं नव्हे. डोंगर उतरून हिंजवडीच्या पलीकडे गेलं की पिंपरी. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसीनही तिथे बनू लागलं. तिथल्या संशोधकांनी, डॉ. एम. जे. तिरुमलाचार त्यांत प्रमुख, पिंपरीच्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसीन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूचं नाव त्यांनी ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. पिंपरी आज ओळखली जाते मोटारींसाठी, पण शास्त्राच्या वहीत ती अशी एका जिवाणूच्या नावावर चढलेली आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं, घरात कुणालाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा धाकटा भाऊ राब भाजत होता. शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि पेटवून द्यायचं. मग तिथेच भाताचं रोप. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, आणि त्याच्याबरोबर जिवाणूही. ओसरीवर पौडच्या दुकानातून आणलेली पाकिटं पडली होती: बियाण्याला चोळायचं जिवाणू संवर्धक, दहा किलोला पाव किलो.

“आधी भाजून मारायचे आणि मग विकत आणायचे?” मी म्हटलं.

तो कोळपलेली फांदी काठीने आत सारत म्हणाला, “ताई, तू एकदा राब न भाजता रोप टाक. मग येऊन तण काढून दे. पाकिटाचे पैसे मी देतो.”