९ तालुके, १२२ दिवस

छत्रपती संभाजीनगर
श्रावण

प्रिय सुनंदा,

विनिपेगला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या मेसेजमधला पहिला प्रश्न 'नाथसागर किती टक्के?' हाच. इथे नळाला रोज पाणी येत नाही, पण जायकवाडीच्या या जलाशयाची टक्केवारी मात्र पावसाळाभर रोज घरोघर येते. दुसरा प्रश्न तू जरा खोचकपणे विचारलायस: निवृत्तीला टेकलेली भूगोलाची बाई नमपाय कशाला शिकतेय? सांगते. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

कारण पाऊसच. कृषी विभाग रोजचा पाऊस तालुकावार आणि तालुक्यातल्या महसूल मंडळांनुसार जाहीर करतो. आपल्या जिल्ह्याचे ९ तालुके, जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, म्हणजे १,०९८ आकडे. एवढ्याला एक्सेल पुरतं, मान्य. पण बऱ्याच वर्षांचे पावसाळे शेजारी-शेजारी मांडायचे म्हटलं की जीव मेटाकुटीला येतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत होती; नमपाय हे तिच्यातलंच, आकड्यांच्या तक्त्यांसाठीचं साधन. साध्या पायथनमध्ये आपली रीत कशी, एकेक आकडा उचलायचा, तपासायचा, पुढच्याकडे जायचं. नमपायमध्ये तसं चालत बसायचं नाही. अख्ख्या तक्त्याला एकदाच विचारायचं, ६५ पेक्षा जास्त कुठे? लगेच तेवढ्याच आकाराचा हो-नाहीचा तक्ता समोर येतो. त्यातले 'हो' मोजले की अतिवृष्टीचे दिवस हाती. (२४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, हे महसूलवाल्यांचं माप तुला आठवत असेल. पंचनाम्यांचं गाडं त्यावरच हलतं.)

हे भराभर का होतं, तेही समजून घेतलं. पायथनच्या साध्या यादीत आकडे नसतातच, आकड्यांचे पत्ते असतात. प्रत्येक आकडा मेमरीत कुठेतरी वेगळा बसलेला. नमपायमध्ये सगळे एकाच जातीचे आणि ओळीने लागून. दशांश आकड्याला ८ बाइट, म्हणजे माझा पावसाळा ८,७८४ बाइटांत मावला. आकड्यांवरून फिरण्याचं काम आत सी भाषेत होतं. तक्ता आडवा-उभा फिरवला, तरी एकही आकडा जागचा हलत नाही; पुढच्या ओळीसाठी किती बाइट पुढे जायचं, एवढाच हिशेब बदलतो. यावर मी फिदा आहे. पण याचीच दुसरी बाजू अशी, की जुलैचे ३१ रकाने वेगळे काढून त्यांत खाडाखोड केली तर मूळ तक्ताही बदलतो. प्रत हवी तर 'कॉपी' असं तोंडाने मागावं लागतं. आणि जागा वाचवायला सर्वांत लहान पूर्णांक निवडले, तर १०० आणि १०० ची बेरीज उणे ५६ येते, तीही मुकाट्याने. दुष्काळी मराठवाड्यातसुद्धा उणे ५६ मिलिमीटर पाऊस कुणी पाहिला नसेल!

खरं शिक्षण पुढे झालं. तालुकावार किंवा दिवसावार सरासरी काढताना अक्ष सांगावा लागतो, म्हणजे तक्त्याची दिशा: ओळींची (तालुके) की रकान्यांची (दिवस). शून्य क्रमांकाचा अक्ष सांगितला तर तालुके विरघळतात आणि १२२ आकडे उरतात; एक क्रमांकाचा सांगितला तर दिवस विरघळतात आणि ९ उरतात. जो अक्ष सांगू तो नाहीसा होतो. पुस्तकं हे नुसतं पाठ करायला लावतात. मला मात्र तिथेच थांबून विचारावंसं वाटलं, की नाहीसं काय झालं? तालुक्याचा पाऊस हीसुद्धा आधीच काढलेली सरासरी आहे. समज, तालुक्याची सरासरी ४० आणि त्यातल्या एका मंडळात ९०. माझ्या तक्त्यात त्या दिवशी 'नाही' येणार आणि त्या मंडळातल्या शेतकऱ्याची कपाशी पाण्यात उभी असणार.

मग मंडळंच घ्यावीत म्हटलं, तालुका, मंडळ, दिवस असा तीन अक्षांचा ठोकळा. नमपाय अडून बसलं. प्रत्येक तालुक्यात मंडळं सारखी नाहीत, आणि वाकड्यातिकड्या काठांचा तक्ता त्याला चालत नाही. पूर्वी इशारा देऊन कसंबसं भागवून न्यायचं. २०२२च्या डिसेंबरात आलेल्या १.२४ आवृत्तीपासून सरळ एरर देतं. मला हा हट्ट आवडला. शेवटी सगळी मंडळं एकाखाली एक लावली आणि कोणतं कुठल्या तालुक्याचं, याची वेगळी क्रमांकयादी केली. नावं त्याला कळत नाहीतच. जुन्या फाइलींत 'औरंगाबाद', २०२३ नंतरच्यांत 'छत्रपती संभाजीनगर'. त्याच्या लेखी दोन्ही शून्य क्रमांकाची ओळ. इतकी अलिप्तता आपल्याला जमायची नाही! (नावांसह काम करायचं तर पांडाज आहे, तेही नमपायवरच उभं राहिलेलं.)

आता कोरे रकाने. पर्जन्यमापक बंद पडला की त्या दिवसाची नोंद नसते. तिथे शून्य भरलं तर न पाहिलेला दिवस कोरडा ठरतो. म्हणून 'नॅन' ठेवायचं, म्हणजे 'आकडा नाही'. एक नॅन असला की सगळी बेरीज नॅन होते. त्याला वगळून बेरीज करणारं फंक्शन वेगळं. इथपर्यंत ठीक. पण नॅनला '६५ पेक्षा जास्त का?' विचारलं तर उत्तर येतं 'नाही'. 'माहीत नाही' असं येत नाही! म्हणजे बेरजेत बोंब ठोकणारा कोरा दिवस तुलनेत गुपचूप 'अतिवृष्टी नाही' या बाजूला जाऊन बसतो. मुलांना शिकवते तेव्हा आधी हेच दाखवते.

जरा गमतीचंही सांगते. ब्रॉडकास्टिंग म्हणून एक प्रकार आहे. १ ते १० उभे ठेवले, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन आडवे ठेवले, आणि गुणिले म्हटलं. पावकीपासून औटकीपर्यंत ७० उत्तरं एका ओळीत! आजोबांनी ज्यासाठी कान पिळले होते ते.

आणि नमपायची जन्मकथा आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखी आहे. १९९५ मध्ये जिम ह्यूगनिन नावाच्या विद्यार्थ्याने 'न्यूमरिक' लिहिलं. मग हबल दुर्बिणीचं काम बघणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेने मोठ्या चित्रांसाठी 'नमअ‍ॅरे' काढलं. ते छोट्या तक्त्यांना मंद. दोन चुली झाल्या. ट्रॅव्हिस ओलिफंट या यूटातल्या प्राध्यापकाने २००५ मध्ये त्या एक करायला घेतल्या आणि ऑक्टोबर २००६ मध्ये नमपाय १.० आलं.

तू म्हणशील, याचा मराठवाड्याशी काय संबंध? अगं, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायचीय, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ला पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तिचे आकडे सगळ्यांना खुले आहेत. सेकंदाला ४,०९६ नोंदी, ३२ सेकंदांचे १,३१,०७२ आकडे, एकच अक्ष. माझ्या वर्गातल्या परभणी-हिंगोलीच्या पोरांना ती फाइल उघडून दिली. पावसावर जे शिकलो तेच तिथे चालतं.

तुला शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे व्हिडिओ बघ, फुकट आहेत. आणि एक काम कर. तुझ्या जवळच्या हवामान केंद्राची हिवाळ्याची फाइल पाठव. तुमच्याकडे १ सेंटिमीटर ताज्या बर्फाचं साधारण १ मिलिमीटर पाणी धरतात ना, मग दोन्ही तक्ते एका मापात येतील. फक्त कोऱ्या रकान्यांत आपल्या मनाने शून्य भरू नकोस.

तुझी,
मंगल