भादली आणि तीस हजार फूट

जळगावहून भुसावळकडे निघालेली गाडी वेग घेते न घेते तोच भादली येतं. ५ मे १९१८ रोजी याच स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, गाडीखाली सापडले. वय २७. कवी तंद्रीत होता, त्याला शिटी ऐकूच आली नाही, असं आमच्याकडे हौसेनं सांगतात. मला त्या हौसेचा राग येतो. अपघाताला कवितेची झालर कशाला?

असाच राग मला जॉन मॅगीच्या वाचकांचाही येतो. शांघायमध्ये मिशनरी बापाच्या पोटी जन्मलेला हा अमेरिकन पोरगा. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली नव्हती, तर हा कॅनडाच्या हवाई दलात जाऊन भरती झाला. १९४१च्या सप्टेंबरात त्यानं आईवडिलांना पत्र धाडलं, सोबत ‘हाय फ्लाइट’ ही कविता. ३० हजार फुटांवर सुचायला लागली आणि उतरल्यावर पुरी झाली, म्हणे. ११ डिसेंबरला इंग्लंडमध्ये ढगांतून खाली येताना त्याचं स्पिटफायर दुसऱ्या विमानावर आदळलं. वय १९. लढाऊ विमानात सुचलेल्या त्या कवितेत ना शत्रू आहे, ना बंदूक. नुसतं उंच जाण्याचं उधाण.

त्याला ते यंत्रानं दिलं, आणि यंत्रानंच नेलं. बालकवींनी मात्र आभाळ पाहिलं ते धरणगावच्या मातीवर उभं राहून. वडील पोलिसात, बदलीची नोकरी. बालपण खानदेशातल्या गावोगावी गेलं. आमच्याकडचा वैशाख ज्यानं सोसलाय त्याला ठाऊक आहे, इथे हिरवा रंग किती उशिरा आणि किती थोडे दिवस येतो. बारमाही हिरवळीत वाढलेल्याला बालकवींच्या कवितेत दिसतं तेवढं श्रावणाचं अप्रूप वाटलं असतं का, कोण जाणे.

मरणानंतर दोघांचंही आपण भलतंच केलं. १९८६ साली ‘चॅलेंजर’ यान फुटून सात अंतराळवीर गेले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी भाषणात मॅगीचे शब्द उचलले. तशी ती कविता त्याआधीपासूनच शोकसभांत वाचली जायची. पोराचा आनंद आपण अंत्यविधीला नेला. बालकवींच्या बाबतीत नेमकं उलटं. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना ‘बालकवी’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. शाळेत आमच्या वाट्याला त्यांच्या कवितांतला श्रावण आला, फुलराणी आली. पडक्या धर्मशाळेतला तो एकटा ‘पारवा’ मी पुढे कधीतरी, स्वतःहून वाचला. त्यातला खिन्नपणा बालाचा नाही. तो मास्तरकी करणाऱ्या, लग्न झालेल्या, रेल्वेनं ये-जा करणाऱ्या एका तरुण माणसाचा आहे, आणि त्याचं नाव ठोमरे.